नेग्रिलला जायचंय? जमैकाच्या या किनाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर मुरूडचं आणि आता घर टोरांटोला. गेल्या काही वर्षांत जमैकातल्या नेग्रिलला चार वेळा जाऊन आले: एकदा नवऱ्याबरोबर, एकदा मैत्रिणींबरोबर, दोनदा आई आणि सासूबाईंना घेऊन. मंडळाच्या गणपतीत भेटलेली माणसं आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर तेच तेच विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

कॅनकून, पुंता काना अशी रिसॉर्टची ठिकाणं सोडून नेग्रिलच का?

नकाशा उघडा आणि मुरूड-जंजिऱ्यावरून बोट सरळ पश्चिमेकडे सरकवत न्या. अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक ओलांडून ते जवळजवळ नेग्रिलवरच येऊन थांबेल. दोन्ही गावं साधारण १८.३ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. दोन्हीकडे समुद्र पश्चिमेला, दोन्हीकडे सूर्य पाण्यात बुडतो, किनाऱ्यावर माड आणि मागे दलदल. पहिल्या संध्याकाळी मी वाळूत बसले होते तेव्हा पाठीमागे कुणीतरी सुक्या झावळ्या पेटवल्या. तो धूर नाकात गेला आणि मला आमचं परसदार आठवलं.

फरकही मोठा आहे. आपल्याकडे ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि भरतीला बांधापर्यंत येतो. कॅरिबियनमध्ये पाण्याची ही चढउतार हात-दीड हाताचीसुद्धा नसते. सकाळी जिथे चटई टाकली, संध्याकाळीही ती तिथेच कोरडी. आणि पाणी इतकं नितळ की गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसतात.

पण खरं कारण वेगळं आहे. नेग्रिल हे गाव आहे. तिथे शाळा सुटते, बाजार भरतो, रविवारी चर्चला जाणाऱ्या बायका टोप्या घालून रस्त्याच्या कडेने चालतात. किनाऱ्यावरून चालत जाऊन तुम्ही पाच वेगवेगळ्या ठिकाणी जेवू शकता.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

जमैकात थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टम्सचा फॉर्म निघण्याआधी ऑनलाइन भरता येतो. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी जमैकाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

अडचण येते ती वाटेत आणि परतताना. भारतातून अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाणार असाल तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो की सूट मिळते, हे तुमच्याकडे इतर कोणते व्हिसा आहेत यावर ठरतं.

अमेरिकेत एच-वन-बीवर असणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर जमैकाहून परत येता येणार नाही. मुदत संपलेल्या व्हिसावर थोड्या दिवसांत परत येण्याची सवलत एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना ती जवळच्या बेटांसाठीही मिळते आणि त्यात जमैका येतं, पण अटी आहेत. आधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा. कॅनडातल्या पीआरवाल्यांनी कार्डाची तारीख बघावी आणि वर्क परमिटवाल्यांनी पासपोर्टवरच्या व्हिसाची. नुसतं परमिट परतीला पुरत नाही.

पोचायचं कसं?

विमानतळ माँटेगो बेचा. टोरांटोहून थेट विमान साधारण चार तासांत पोचतं, अमेरिकेतल्या अनेक शहरांतूनही थेट विमानं आहेत. मुंबईहून थेट काही नाही. लंडन किंवा अमेरिकेत विमान बदलून, मधली थांबणी धरून चोवीस तासांहून जास्त वेळ सहज जातो.

माँटेगो बेहून नेग्रिल सुमारे ८० किलोमीटर, दीड तास. खासगी टॅक्सी आधी ठरवून ठेवा आणि भाडं कोणत्या डॉलरमध्ये आहे ते स्पष्ट विचारा. पहिल्या खेपेला मी "डॉलर" ऐकून जमैकन डॉलर समजले होते. एक अमेरिकन डॉलर म्हणजे साधारण १५५ ते १६० जमैकन डॉलर, तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल ते तुमच्या लक्षात येईल. एकट्या-दुकट्याला नट्सफर्ड एक्सप्रेसची वातानुकूलित बसही चांगली आहे.

रस्ता समुद्राच्या कडेने जातो. खिडकी मिळवा आणि उजव्या बाजूला बसा.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा कोरडी असते, दरही तेव्हाच चढे असतात. मला नोव्हेंबरचा शेवट आणि मे महिन्याची सुरुवात आवडते. गर्दी कमी, खोल्या स्वस्त आणि दुपारी एखादी सर आली तरी अर्ध्या तासात ऊन.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचा. त्या काळात जायचंच असेल तर विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही.

वादळानंतर आता तिथे जाणं योग्य आहे का?

२८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा वादळ वेस्टमोरलँड परगण्यात न्यू होपजवळ जमिनीवर आलं. पाचव्या श्रेणीचं वादळ, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर. जमैकाच्या नोंदींत याहून जोरदार वादळ नाही. नेग्रिल त्याच पश्चिम टोकाला आहे. गावाचा काही भाग वेस्टमोरलँडमध्ये येतो, काही शेजारच्या हॅनोव्हर परगण्यात. आजूबाजूच्या खेड्यांत लोकांची छपरं गेली, शेतं आडवी झाली. निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या पोफळीच्या बागा २०२० मध्ये कशा झोपल्या होत्या हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. बाग पुन्हा उभी राहायला वर्षं जातात.

तरी जा. नेग्रिलमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी पाहुण्यांच्या जिवावर पोट भरतं. पाहुणे आले नाहीत तर दुसरं नुकसान होतं. फक्त खोली ठरवताना सरळ विचारा: वीज नीट आहे का, जनरेटर आहे का, पाण्याची टाकी किती मोठी, दुरुस्तीचं काम चालू आहे का. आणि पैसे गावातल्या लोकांच्या हातात पडतील असे खर्च करा.

राहायचं कुठे, वाळूवर की कड्यावर?

गावाच्या मधोमध, नदीजवळ एक चौक आहे. त्याच्या उत्तरेला नॉर्मन मॅन्ली बुलेव्हार्ड आणि लांबलचक वाळूचा किनारा. त्याला "सेव्हन माइल बीच" म्हणतात, मोजलं तर सात मैल भरत नाही. दक्षिणेला वेस्ट एंड. तिथे वाळू नाही, चुनखडीचे कडे आहेत आणि पायऱ्या थेट खोल पाण्यात उतरतात.

मुलं, वयस्कर माणसं किंवा पोहता न येणारं कुणी बरोबर असेल तर वाळूवर राहा. दोघंच असाल, शांतता हवी असेल, पोहता येत असेल तर कड्यावर. गुडघे दुखणाऱ्यांना कडा दाखवायला न्या, मुक्कामाला नको.

सगळं जेवणखाण धरलेल्या मोठ्या रिसॉर्टबद्दल माझं मत कडक आहे. पहिल्या खेपेला आम्ही अशाच एका ठिकाणी उतरलो होतो. चार दिवस कुंपणाच्या आत काढले आणि परत आल्यावर जमैका कसं आहे हे मला सांगता येईना. दुसऱ्या खेपेला एका कुटुंबाने चालवलेल्या बारा खोल्यांच्या जागेत राहिलो. सकाळी मालकीणबाई स्वतः नीरफणस भाजायच्या. तेव्हापासून मी रिसॉर्टकडे वळलेले नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

"आयटल" हा शब्द पाठ करा. रास्ताफारी पंथातले बरेच लोक मांस खात नाहीत, पुष्कळदा मीठही टाळतात, आणि त्यांच्या जेवणाला आयटल म्हणतात. नारळाच्या दुधात शिजवलेला भोपळा, गाजर, कोनफळासारखे कंद, कडधान्यं, वर थाईमचा वास. पाटी साधी असते, कधी कधी हाताने रंगवलेली, आणि एकच स्वयंपाकी एकाच मोठ्या पातेल्यातून वाढतो.

बाकी ताटातलं निम्मं आपल्या ओळखीचं निघतं. कॅलालू म्हणजे आपल्या माठाच्या जातीतली पालेभाजी, कांदा-टोमॅटो घालून परतलेली. चो-चो म्हणजे चौचौ. ख्रिसमसच्या सुमारास मिळणारं "सॉरेल" हे लाल सरबत म्हणजे अंबाडीच्या लाल बोंडांत आलं घालून केलेलं पेय. नीरफणस अख्खा निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजतात, मग साल काढून फोडी करतात. आम्ही त्याचे रवा लावून काप करतो. तो इथे आला १७९३ मध्ये, ब्लाय नावाच्या कप्तानाच्या जहाजातून. गुलामांना स्वस्तात जेवू घालण्यासाठी मळेवाल्यांना तो हवा होता. जमैकाच्या स्वयंपाकघरात बऱ्याच गोष्टींमागे असा इतिहास आहे.

बॅमी जरूर खा. ही कसाव्याच्या कंदाची जाड भाकरी, इथल्या मूळच्या टाइनो लोकांची. मी ती करताना पाहिली आहे. बाईंनी कंद किसला, कीस फडक्यात बांधून सगळा रस पिळून टाकला, कारण रसात विष असतं. मग भुगा गोल पसरून तव्यावर दाबला, दोन्ही बाजूंनी कोरडा भाजला, नारळाच्या दुधात भिजवला आणि पुन्हा तळला. याच कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही त्याचं काय करता?" उपास म्हणजे काय आणि उपासाला इतकं तुपातलं का खातात, हे समजावता समजावता माझी बॅमी गार झाली.

सावध कुठे राहायचं? कॅलालूत खारवलेला मासा असू शकतो. "पी सूप"मध्ये बहुतेक वेळा मांस असतं. राइस अँड पीज म्हणजे राजमा आणि नारळाच्या दुधातला भात, बहुतेक वेळा शाकाहारी, पण विचारून घ्या. ॲकी हे राष्ट्रीय फळ शिजवल्यावर अंड्याच्या भुर्जीसारखं दिसतं आणि नेहमी खारवलेल्या माशाबरोबर येतं. मासा वगळून मागता येतं. ॲकीचं फळ झाडावर आपोआप उकललं तरच खायचं, कच्चं विषारी असतं. म्हणून ते स्वयंपाक्याच्या हातचंच खा, बागेतून तोडू नका.

गोडात गिझाडा. उघड्या करंजीत जायफळ घातलेलं नारळ-गुळाचं सारण असावं तसा. आईने एका बैठकीत तीन खाल्ले.

जैन असाल तर कंदांमुळे अडचण होईल. स्वतःचं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि मेतकूट, भाजणी, लोणचं बांधून न्या. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं नेऊ नका.

मांसाहारींसाठी?

जर्क चिकन, म्हणजे तिखट मसाला चोळलेलं चिकन, रस्त्याच्या कडेला पिंपात भाजलेलं खा, आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री, जेव्हा गावकरी स्वतः रांगेत असतात. करी गोट म्हणजे बोकडाचं मटण, हळद भरपूर. ते आपल्याकडून गेलं आहे, त्याबद्दल पुढे.

तिथे आपली माणसं आहेत का?

आहेत, आणि तुमच्या-माझ्या कितीतरी आधीपासून. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १० मे १८४५ ला ब्लंडेल नावाचं जहाज ओल्ड हार्बर बेला भारतीय मजुरांना घेऊन लागलं. पुढच्या सत्तर वर्षांत सुमारे ३६,००० लोक करारावर गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. बरेच परत आलेच नाहीत. १० मे हा तिथे भारतीय वारसा दिन म्हणून पाळतात.

वेस्टमोरलँड हा उसाचा मुलूख, त्यामुळे त्या मजुरांचे वंशज नेग्रिलच्या आसपास भेटतात. सावाना-ला-मारच्या बाजारात एका भाजीवालीने माझ्याकडे बघून विचारलं, "यू कूली टू?" तो शब्द माझ्या कानाला बोचला. तिने तो स्वतःच्याच ओळखीसारखा वापरला होता. तिची पणजी जहाजातून आली होती एवढंच तिला ठाऊक होतं, गावाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिने मला एक आंबा दिला आणि सांगितलं, "बॉम्बे." जमैकात एका आंब्याच्या जातीचं नाव खरोखरच बॉम्बे आहे. पैसे घेतले नाहीत.

गावात फिरायचं कसं?

रूट टॅक्सीने. लाल नंबरप्लेट, अक्षरं "पीपी". हे तिथलं वडाप आहे: ठरलेला रस्ता, ठरलेलं भाडं, भरल्याशिवाय सुटायचं नाही आणि कोपराला कोपर लागल्याशिवाय भरली असं म्हणायचं नाही. हात केला की थांबते. बसण्याआधी "रूट फेअर" आहे ना, एवढं विचारा, नाहीतर ती तुमच्या एकट्यासाठीची टॅक्सी धरली जाते. माँटेगो बेला अशाच टॅक्सीने जायचं असेल तर मध्ये लुसिया इथे बदलावी लागते. लिहितात लुसिया, म्हणतात लूसी.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. तरी स्वतः गाडी घेऊ नका, वळणांवर ओव्हरटेक करण्याची तिथली घाई आपल्या घाटातल्या एसटीलाही मागे टाकते.

सुरक्षित आहे का? बायका एकट्या जाऊ शकतात का?

जमैकात गुन्हेगारी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पाहुण्यांना त्याचा त्रास क्वचित होतो, पण काळोखात निर्मनुष्य किनाऱ्यावर चालू नका, दागिने घरी ठेवा, रात्री ओळखीच्या टॅक्सीनेच परत या. आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो, या नियमांवर एक आठवडा निर्धास्त राहिलो.

त्रास होतो तो मागे लागणाऱ्या विक्रेत्यांचा. नजर चुकवून पुढे गेलात तर त्यांना अपमान वाटतो. थांबा, डोळ्यांत बघून "गुड मॉर्निंग" म्हणा आणि मग "नो थँक्स, रिस्पेक्ट". दहातले नऊ जण हसून निघून जातात. दुकानात, टॅक्सीत, कुठेही काम सांगण्याआधी नमस्कार हवाच. अंधार पडल्यावर तिथे "गुड नाइट" हा भेटल्याचा नमस्कार असतो, निरोप नव्हे. सासूबाईंना वाटलं आपल्याला जायला सांगताहेत आणि त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. जमैकात सामान्य नागरिकांना ते घालायला कायद्याने बंदी आहे, मुलांच्या टोप्यांसकट.

गांजा कायदेशीर आहे ना?

पूर्ण नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर दोन औंसांपर्यंत जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण ५०० जमैकन डॉलरचा दंड आहे. सार्वजनिक जागी ओढायला मनाई आहे. विमानतळावर सापडला तर प्रकरण गंभीर. कुणी "हे पाकीट माझ्या भावाला दे" म्हटलं तर कितीही गोड माणूस असो, हात लावू नका.

हा शब्द आणि हे झाड दोन्ही आपल्याच मजुरांबरोबर गेलं.

पोहता येत नाही. समुद्रात उतरू का?

लाँग बेला, म्हणजे सेव्हन माइल बीचवर, हो. वाळू हळूहळू उतरत जाते, लाटा लहान. सासूबाई आयुष्यात कधी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेल्या नव्हत्या. तिथे त्या साडी सोडून सलवार-कुडत्यात छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि दीड तास बाहेर यायला तयार नव्हत्या.

वेस्ट एंडच्या कड्यांवरून उड्या मारण्याबद्दल: रिक्स कॅफेमध्ये १९७४ पासून लोक सूर्यास्ताला जमतात आणि सुमारे ३५ फुटांवरून उडी घेतात. बघायला जा, गर्दी सहन होत असेल तर. उडी मारू नका. पाणी त्या उंचीवरून मऊ राहत नाही.

आणखी काय बघायचं?

१८९४ चं दीपगृह. गोड्या पाण्याच्या खोल विहिरीसारखा ब्लू होल झरा. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ. किनाऱ्यामागची ग्रेट मोरास दलदल. हिच्यामुळेच संध्याकाळी डास आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा मलम लावून जा, डेंग्यू तिथेही होतो. उत्तरेचा ब्लडी बे शांत आहे. या भागातच १७२० मध्ये कॅलिको जॅक हा समुद्री चाचा पकडला गेला, ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोघी चाचे बायकांसह.

पाच-सहा रात्री पुरतात. रोज एकच गोष्ट ठरवा.

पैसे, वीज, फोन, औषधं?

अमेरिकन डॉलर चालतात, पण सुटे जमैकन डॉलर ठेवले की स्वस्त पडतं. वीज ११० व्होल्ट, चपट्या पिनांचे प्लग, म्हणून भारतातला मिक्सर किंवा पाणी तापवायची कांडी चालणार नाही. घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे. पोलिसांसाठी ११९, रुग्णवाहिकेसाठी ११०. भारताचं उच्चायुक्तालय किंग्स्टनला आहे. नेहमीची औषधं चिठ्ठीसकट जास्तीच्या आठवड्याची न्या.

येताना काय आणावं?

ब्लू माउंटन कॉफी, पाकिटावरचं नाव नीट वाचून, कारण "ब्लेंड" लिहिलेल्यात ती थोडीशीच असते. स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस, पण चेक-इन बॅगेत. साखरेत घोळलेल्या चिंचेच्या गोळ्या. लाकडी कोरीवकाम बाजारातून, करणाऱ्याच्याच हातून. शंख आणि प्रवाळ मात्र आणू नका, कस्टम्समध्ये अडकाल आणि त्या समुद्राला त्यांची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे. गिझाडा दोन दिवस टिकतो, तेव्हा विमानातच संपवा.